डॅनाच्या फळ्यांची धार

कानस पुढं जाताना कापते. मागं येताना ती उचलायची असते, घासत आणली की तिचे दात जातात. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याच्याशी मी कामाबद्दल बोलत नाही. डॅनाशी बोलायला लागलो ते मात्र ह्याच कारणानं. तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती आणि मला ते बसून बघवेना.

माझं शिक्षण चौथी. सांगलीकडं इंजिनाच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो. बायको गेल्यावर पोरगा संजय मला अमेरिकेला घेऊन गेला. तो आधी सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. २००१ साली ती कंपनी बसली, मग त्याला रीनोला नोकरी लागली. रीनो म्हणजे वाळवंटातलं गाव, पण मान वर करून बघावं तर बर्फाचे डोंगर. आमचं जोडघर होतं, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं आणि दोघांत मिळून एक मोठं गॅरेज. घरात तंबाखू चालणार नाही असं सुनेनं, वैशालीनं, पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. मी गॅरेजात खुर्ची टाकली. पलीकडच्या बिऱ्हाडात डॅना राहायची.

तीस-एकतीस वर्षांची बाई. उंचीनं फार नाही, पण मांड्या बघाल तर तालमीतल्या पैलवानाच्या. डाव्या गुडघ्यावर तीन ठिकाणी चिरल्याच्या खुणा. पायात दोन फळ्या बांधून बर्फावरनं खाली येण्याच्या शर्यती ती खेळायची. उतारावर काठ्या रोवलेल्या असतात, त्यांच्या मधनं नागमोडी वळणं घेत यायचं. जिला वेळ कमी लागेल ती पहिली. आणि वेळ म्हणजे काय, तर सेकंदाचे शंभर तुकडे करून त्यातले तुकडे मोजतात. नऊ वर्षं ती देशाच्या संघात होती, युरोपभर फिरलेली. मग गुडघा फुटला, दोन हिवाळे घरी बसली आणि संघानं नाव काढून टाकलं. परत आत जायची एकच वाट होती. देशातल्या धाकट्या शर्यती सबंध हिवाळा खेळायच्या आणि शेवटी गुणांच्या बेरजेत वर यायचं. तिथं तिच्याबरोबर खेळायच्या त्या पोरी अठरा-एकोणीस वर्षांच्या.

त्या फळ्यांच्या दोन्ही कडांना पोलादाची पट्टी असते. बर्फ काचेसारखा घट्ट असतो, त्यात ती पट्टी सुरीसारखी रुतली तरच माणूस वळतो, नाहीतर घसरून जातो. म्हणून तिला रोज धार लावायची. संघात असताना हे करायला माणूस होता. आता हिची हीच.

चार दिवस मी खुर्चीत बसून बघितलं. कानस पुढं दाबून, मागं दाबून, पुढं दाबून. पाचव्या दिवशी उठलो आणि म्हणालो, "नो."

ती थांबली. एखादी दुसरी असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्या, तुझा काय संबंध? ही दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "शो मी."

मी कानस घेतली. दहा-बारा हात मारले. बघणारा माणूस हाताकडं बघतो. ही माझ्या पायांकडं बघत होती. डावा पाय पुढं, उजवा तिरका, वजन कुठनं कुठं जातंय. कानस पायाच्या ठेवणीवर चालते, हे आमच्याकडं पोरांना कळायला दोन वर्षं लागतात. हिला न सांगता कळलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो तर तिचा कामाचा बाक खाली लाकडाचे ठोकळे घालून चार बोटं उचललेला. माझ्या कोपराच्या बरोबर उंचीला. कोपर कधी मोजलं तिनं, देव जाणे.

तेव्हापासनं कानस माझ्याकडं आणि शेवटचा बारीक दगड तिच्याकडं, अशी वाटणी झाली. संजयला हे पटत नव्हतं.

"अण्णा, तिच्या स्कीजना हात नका लावू हं. शी इज अ प्रोफेशनल."

"मग मी काय हौशी आहे?"

"तसं नाही हो. काही डॅमेज झालं तर?"

"छत्तीस वर्षांत माझ्या हातनं रिजेक्ट झालेला एक जॉब दाखव."

"आता कुठून दाखवू? कारखाना तरी जागेवर आहे का?"

माझा पोरगा हुशार आहे, पण त्याला वाटतं जे कागदावर नाही ते नाहीच.

डॅनाचं इंग्रजी मला कळायचं नाही आणि माझं मराठी तिला. पण कामात बोलायला लागतंच किती? "मोअर," "लेस," "गुड," झालं. ती मला घरातल्यांसारखं अण्णाच म्हणायची. धार झाली की डाव्या अंगठ्याचं नख तिच्यावरनं हळूच ओढायची. नखाची पांढरी साल निघाली म्हणजे धार बरोबर. ही परीक्षा आमच्याकडंही असते, पण आमच्याकडं साहेब करतो आणि स्वतःचं नख वाचवून करतो. हिचं नख हिवाळाभर अर्धंच असायचं.

आमच्या घरात येताना न सांगता बूट काढणारी अमेरिकन बाई मी तेवढी एकच बघितली. पहिल्यांदा मला वाटलं, आपली रीत पाळतेय. मग पाय बघितले. शर्यतीचे बूट मुद्दाम दोन नंबर लहान घालतात म्हणे, म्हणजे पाय आत हलत नाही. बोटांची नखं काळी पडलेली, घोट्यावर हाडाला गाठी आलेल्या. बूट काढायला मिळतात म्हणूनच ती आमच्याकडं खूश असायची. ते पाय बघितल्यावर मी तिला अहोजाहो करणार होतो, पण ती पोरीच्या वयाची, तेव्हा राहिलं.

रविवारी ती थालीपीठ खायला यायची. खुर्चीत बसायची नाही, भुईवर पाय लांब करून बसायची आणि गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवायची. ही पिशवी आमच्याच फ्रीजरमध्ये असायची. एकदा वैशालीनं चुकून तिची उसळ केली. डॅनानं दोनदा मागून घेतली, वाटी पुसून खाल्ली आणि मग फ्रीजर उघडून शोधत बसली.

"डॅना, आय अ‍ॅम सो सॉरी," वैशाली लाजून म्हणाली, "यू जस्ट एट इट."

डॅना भुईवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग पोटावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. वैशालीनं मला सांगितलं, "म्हणतेय, आता आतून बरं वाटेल."

एकदा सकाळी मी गॅरेजात गेलो तर ही मधोमध उभी. डोळे मिटलेले, गुडघे वाकवलेले, दोन्ही तळवे पुढं धरून डावीकडं-उजवीकडं डोलतेय. श्वास फुसफुसतोय. मागनं वैशाली चहा घेऊन आली, तिला मी दारातच थांबवलं.

"श्श. अंगात आलंय."

वैशालीनं पदर नव्हता म्हणून स्वेटर तोंडात कोंबला. "अंगात नाही आलं, अण्णा. कोर्स पाठ करतेय ती. परवाच्या रेसचा."

बघत राहिलो. एका जागी येऊन ती अडखळायची. डावं वळण असणार, कारण डावा गुडघा थरथरायचा. अडखळली की डोळे उघडायची, मान झटकायची आणि पुन्हा पहिल्या काठीपासनं. मधनं धरायचं नाही. आमच्या गावचा बापू पैलवान कुस्तीच्या सकाळी असाच चिंचेखाली डोळे मिटून बसायचा आणि त्याची मांडी उडत असायची. मी त्या दिवशी चहा तिथंच पायरीवर बसून प्यालो आणि तंबाखूची पिचकारीसुद्धा टाकली नाही.

हरली तरी तिचं एकच बोलणं असायचं. वैशाली विचारायची, बर्फ खराब होता का, ऊन मध्ये आलं का, नंबर उशिरा लागला का? ती म्हणायची, "डोंगर सगळ्यांना सारखाच होता." जिंकली तरी हेच म्हणायची. पहिल्या हिवाळ्यात हे फार वेळा ऐकलं. दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे २००५ च्या सुरुवातीला, ती वर चढत गेली. दोनदा तिसरी आली, एकदा पहिली. मार्चात शेवटची शर्यत आमच्याच डोंगरावर होती. तिथं पहिल्या पाचात आली की संघात परत. तसं झालं नाही तर वयामुळं पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. हे तिनं वैशालीला सांगितलं, वैशालीनं मला, आणि मी त्या आठवड्यात तंबाखू सोडली. देवाला काय, काहीतरी द्यायचं म्हणून.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीच्या टपावरनं फळ्या काढताना एक निसटली. हिनं ती उघड्या हातानं झेलली. माझीच धार. उजव्या तळव्याला पाच टाके पडले. दुपारी हाताला हे एवढं पांढरं गाठोडं बांधून ती गॅरेजात आली. दगड धरता येईना. म्हणाली, "अण्णा, ऑल यू."

म्हणजे शेवटचा हातही माझाच. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी जीव ओतून काम केलं. ती आली, डाव्या नखानं बघितलं, साल निघाली. मान हलवून जेवायला गेली. फळ्या कापडात गुंडाळायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आता मी जे केलं ते नीट सांगतो, कारण ते हातातनं निसटलेलं नाही. मी ते समजून केलं. आमचे हुसेनमिस्त्री म्हणायचे, काम कितीही चांगलं झालं तरी कोना मोडल्याशिवाय पुढच्याच्या हातात द्यायचं नाही. पोलादाची ताजी कड माणसाला कापते. म्हणून जॉब संपला की कडेवरनं कानस तिरकी करून एक हलका हात फिरवायचा, नुसता केसाएवढा. छत्तीस वर्षं मी हे केलं. ह्या फळ्यांना तो हात न मारता देताना मला दोन वर्षं रोज चुकल्यासारखं वाटायचं. मी तिला खुणेनं सांगितलंही होतं. ती हसून "नो, नो" म्हणायची. त्या दुपारी बाकावर तिच्या पट्टीतनं गळलेला रक्ताचा थेंब पडला होता. मी मनाशी म्हणालो, ऐकत नाही ना पोरगी, उद्या दुसरा हात कापून घेईल. केसाएवढं मोडलं तर काय होतंय? आणि आपल्याला कुणी शिकवायचं?

दोन्ही फळ्या, दोन्ही कडा, टोकापासनं टोकापर्यंत. सुंदर हात बसला. मी बोट फिरवून बघितलं, मऊ लागलं. मला फार बरं वाटलं.

सकाळी आम्ही तिघं खाली कुंपणाजवळ उभे होतो. रात्री गोठून उतार चकाकत होता. डॅनानं सकाळचा सराव जुन्या जोडीवर केला होता. मी धार लावलेली जोडी फक्त शर्यतीसाठी राखलेली. तिचा नंबर आला. पहिली काठी, दुसरी, तिसरी, वैशाली ओरडतेय "गो डॅना", चौथ्या काठीला उतार एकदम उभा होतो आणि वळण डावं. फळी रुतलीच नाही. मला खालनंच कळलं. रुतलेली फळी माणसाला धरते. हिला कुणी धरलंच नाही. ती कमरेवर आपटली आणि पन्नास हात घसरत जाळीत गेली.

लागलं नव्हतं. ती उठून बसली, एक फळी काढली, डाव्या हाताचा हातमोजा दातानं ओढला आणि नख कडेवरनं फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग हातमोजा घातला.

तिनं आमच्याकडं बघितलं का? मी सांगू शकत नाही. मी खाली बघत होतो.

तिचे कोच आले, पांढऱ्या मिशांचे, माझ्याच वयाला टेकलेले. दोघं बोलले. संजय मला म्हणाला, "ती म्हणतेय, वळायला उशीर झाला. माझी चूक."

तीन दिवस मी गॅरेजात गेलो नाही. चौथ्या दिवशी वैशालीला म्हणालो, "गाडी काढ. तिच्या कोचकडं जायचंय."

"कशाला?"

"तिथं सांगतो."

डोंगराखाली लाकडाच्या खोपटात त्यांचं ऑफिस होतं. मी उभ्यानंच सांगितलं. सांगता सांगता वैशालीचं तोंड उतरलं.

"अण्णा! तुम्ही? मुद्दाम?"

"तू भाषांतर कर. मला काय ते नंतर बोल."

तिनं केलं. मी म्हणालो, चूक माझी आहे, माझ्या चुकीची शिक्षा तिला नको, तिला एकदा पुन्हा पळू द्या. मी आयुष्यात कुणा साहेबापुढं हात जोडले नव्हते, तिथं जोडले. कोचनी सगळं शांतपणे ऐकलं. मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "निकालाच्या कागदावर कारणासाठी रकाना नसतो."

त्यांनी ते डॅनाला सांगितलं असणार. संध्याकाळी ती आमच्या घरात बूट न काढता आली. बर्फाचं पाणी गालिच्यावर. तिला रागावलेलं मी तेवढंच बघितलं. वैशालीला मधे घेऊन ती बोलत होती, पण बघत माझ्याकडं होती.

"म्हणतेय, फळ्या कुणाच्या होत्या?"

"तिच्या."

"त्यांच्यावर उभं कोण होतं?"

मी तिच्या बुटांकडं बघितलं.

"म्हणतेय, वर सुरुवातीला उभं राहायच्या आधी नख लावून बघायचं असतं. ते तिचं काम. त्या दिवशी तिनं बघितलं नाही. मग तुम्ही कोण तिची हार घेऊन जाणारे? गुडघा तिचा गेलाय, तेव्हा हारही तिचीच आहे. म्हणतेय, ती तुम्हाला देणार नाही."

दर शर्यतीला वर नख लावणारी बाई त्याच दिवशी का राहिली, हे तिनं सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. शेवटचा हात माझा होता म्हणून तिनं बघितलं नाही.

सॉरी मला म्हणता येत होतं, एवढं इंग्रजी तर टीव्हीवरनंही येतं. पण तो शब्द मला हलका वाटला. ती माझ्या मनगटाला धरून मला गॅरेजात घेऊन गेली. ती जोडी काढली, एक फळी बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत घट्ट केली, कानस माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अगेन."

मोडलेला कोना काढायचा म्हणजे सबंध कड खाली न्यावी लागते. दोन तास लागले. ती माझ्याच खुर्चीत बसून होती, गुडघ्यावर मटारची पिशवी. मी कानस ठेवली. टाके सुकत आले होते, तरी दगड तिनं माझ्याकडं सरकवला. शेवटचा हात पुन्हा मलाच दिला. माझं नाक गळत होतं ते गॅरेजातल्या थंडीनं, असं मी संजयला सांगितलं.

संघात तिला घेतलं नाही. एप्रिलात तिला व्हरमाँटला नोकरी मिळाली, तिथल्या शाळेच्या पोरांना शिकवायची. तीन हजार मैल लांब. सामान गाडीत भरून झालं आणि निघायच्या सकाळी तिनं संजयला सांगितलं, "अण्णांना घेऊन डोंगरावर ये."

डोंगरावरच्या खुर्च्या-पाळणे बंद झाले होते, हंगाम संपलेला. ती शर्यतीच्या त्याच फळ्या खांद्यावर टाकून पायी वर गेली. पाऊण तास लागला. आम्ही खाली हात चोळत उभे. संजय म्हणाला, "अण्णा, ऑफिसला उशीर होतोय." मी म्हणालो, "मग जा." तो गेला नाही.

वरनं ती निघाली तेव्हा मुंगीएवढी दिसत होती. काठ्या नाहीत, घड्याळ नाही, दुसरं माणूस नाही. सकाळचा बर्फ लोखंडासारखा होता आणि ती त्यावर वळणं घेत आली. उभ्या उतारावरचं ते डावं वळण आलं. ती खाली झुकली, इतकी की कोपर बर्फाला लागलं असेल, आणि फळीनं तिला धरलं.

माझ्यापासनं वीस हातांवर येऊन थांबली. धापा टाकत होती. हातानं बर्फाकडं दाखवलं. मी संजयचा खांदा धरून तिच्या मागच्या रेघेपाशी गेलो आणि खाली बसलो. फळीनं बर्फात ओढलेली रेघ बोटानं चाचपली. सुतासारखी बारीक, दोन्ही काठ सरळ, कुठं फाटलेली नाही, कुठं घसरलेली नाही. मी ती दहा पावलं मागपर्यंत बघत गेलो. घाई केली नाही. काम तपासताना घाई करायची नसते.

वळून बघितलं तर नऊ वर्षं देशासाठी खेळलेली ती बाई तिथंच उभी होती, हातमोजे काढून, पहिला जॉब साहेबापुढं ठेवलेल्या पोरासारखी. मी काय म्हणतो त्याची वाट बघत.

"पास," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग बुटांच्या क्लिपा सोडायला खाली वाकली आणि बराच वेळ वर बघितलं नाही.